जगबुडीचे बिल कुणाच्या नावावर?

१९८५ च्या मे महिन्यात आमच्या ख्रिस्ती मंडळीत एक कापडी तक्ता टांगला गेला. मांजरपाटाचे साताठ हात कापड, वरच्या काठात ओवलेला बांबू, दोन खिळ्यांना सुतळी. डाव्या टोकाला एदेन बाग, उजव्या टोकाला अग्नीचे सरोवर, आणि मधल्या पट्ट्यात ऑइलपेंटने रंगवलेली वर्तुळे, बाण, सिंहासने आणि सात डोक्यांचे, दहा शिंगांचे श्वापद. उजव्या काठाच्या जेमतेम वीतभर अलीकडे एक लाल बाण होता. त्याखाली जाड अक्षरांत लिहिले होते, ‘आपण येथे आहोत’.

पाळकसाहेब छडीने एकेक शिंग दाखवत होते. दहा शिंगे म्हणजे युरोपच्या सामाईक बाजारपेठेतले दहा देश. १९८१ साली ग्रीस आत आला आणि दहावे शिंग उगवले. उत्तरेकडचा शत्रू गोग म्हणजे सोव्हिएत रशिया. अंजिराच्या झाडाला पालवी फुटली, म्हणजे १९४८ साली इस्राएल राष्ट्र उभे राहिले. ‘हे सर्व पूर्ण होईपर्यंत ही पिढी नाहीशी होणार नाही’ असे प्रभू म्हणाला आणि बायबलात पिढी म्हणजे चाळीस वर्षे. तारीख ते सांगत नव्हते, फक्त म्हणाले, “मिळवा तुम्हीच.” मी मिळवले. नुकताच दहावीत गेलो होतो, त्यामुळे माझ्यापुढे प्रश्न एकच होता. येशू बोर्डाच्या परीक्षेच्या आधी येणार की नंतर? हिशेबाने नंतर येत होता. मी जरा नाराजच झालो.

परीक्षेला मार्चमध्ये बसलो, त्याच्या दोन महिने आधी स्पेन आणि पोर्तुगाल बाजारपेठेत दाखल झाले होते. शिंगे बारा झाली. त्यानंतर छडी त्या भागावरून भरभर सरकू लागली. १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ मोडला, आणि पुढच्या उन्हाळ्यात तक्ता टांगला तेव्हा ‘रशिया’च्या जागी खळीने चिकटवलेला पांढरा कागद होता. त्यावर अजून काही लिहिलेले नव्हते.

हे सांगतोय ते पाळकसाहेबांची टिंगल करायला नव्हे. त्यांच्याकडे परत यायचे आहे. फेब्रुवारी १९६२ मध्ये अष्टग्रहीच्या धास्तीने याच देशात ठिकठिकाणी होमहवने झाली, तेव्हा जगबुडीची तारीख काढण्याचा छंद कुणा एका धर्माचा नाही. मला म्हणायचे आहे ते वेगळेच. शेवटच्या काळाचा अर्थ कसा लावायचा यावर ख्रिस्ती लोकांत दोन हजार वर्षे वाद आहे आणि तो बहुतेक वेळा वचनांच्या बेरजा-वजाबाक्यांवर लढला जातो. तो तिथे सुटत नाही, सुटणारही नाही. प्रत्येक अर्थाचे एक बिल येते. ते अर्थ लावणारा भरतो की भलताच कुणी, हे आधी बघावे. माझ्या मते या वादात पहिला प्रश्न हाच असायला हवा, आणि आमच्या मंडळ्यांमध्ये नेमका तोच विचारला जात नाही.

वादाचे मूळ अगदी लहान आहे. बायबलातल्या शेवटच्या पुस्तकाच्या, प्रकटीकरणाच्या, विसाव्या अध्यायात, दोन ते सात या सहा वचनांत, ‘एक हजार वर्षे’ हे शब्द सहा वेळा येतात. सैतान बांधला जातो, हुतात्मे ख्रिस्ताबरोबर हजार वर्षे राज्य करतात, मग सैतान सुटतो, मग न्याय. बायबलात या राज्याचा असा आकडा दुसरीकडे कुठे नाही. तेवढ्यावर तीन घराणी उभी आहेत. एक म्हणते, आधी येशू येणार, मग पृथ्वीवर हजार वर्षांचे राज्य. दुसरे म्हणते, आधी सुवार्तेच्या जोरावर ते सुखाचे युग उजाडणार, मग येशू. तिसरे म्हणते, हजार हा आकडाच नव्हे. ख्रिस्ताच्या पुनरुत्थानापासून त्याच्या येण्यापर्यंतचा मंडळीचा काळ तोच तो. पाचव्या शतकात ऑगस्टीनने हे तिसरे मत मांडले आणि रोमन कॅथलिक चर्च आजही साधारण तिथेच उभे आहे. त्यांच्या धर्मशिकवणीच्या ग्रंथात पृथ्वीवरच्या सहस्रवर्षीय राज्याची कल्पना स्पष्ट शब्दांत नाकारलेली आहे. त्यामुळे वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक घरात वाढलेल्याला आमचा तक्ता दाखवला तर तो ‘हे काय नवीन’ म्हणून बघतो. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या आणखी सावध. नव्या करारातले हे एकच पुस्तक त्यांच्या उपासनेत वाचलेच जात नाही. मार्टिन लूथरने १५२२ साली लिहिले की हे पुस्तक आपल्याला ना प्रेषितांचे वाटत ना संदेष्ट्यांचे. कॅल्व्हिनने नव्या करारातल्या जवळजवळ सगळ्या पुस्तकांवर भाष्ये लिहिली, यावर नाही.

इतके दिग्गज ज्या पुस्तकाला बिचकले ते आहे तरी कुणाचे? एका हद्दपार माणसाचे. योहान नावाचा कुणी एक जण पात्म बेटावर आहे. बहुतेक अभ्यासक काळ धरतात तो पहिल्या शतकाच्या शेवटाचा, सम्राट डोमिशियनचा; काही जण नीरोच्या मागोमागचा, इ. स. ७० पूर्वीचा. पत्र आहे आजच्या तुर्कस्तानातल्या सात गावांच्या मंडळ्यांना: इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. या भागात रोमी सम्राटाची देवळे होती आणि सम्राटापुढे धूप न जाळणारा माणूस संशयित ठरे. श्वापदाची सात डोकी म्हणजे सात डोंगर, असे सतराव्या अध्यायात योहानच सांगून टाकतो. सात टेकड्यांचे शहर कोणते, हे त्या काळी पोरासोरांनाही ठाऊक होते. ६६६ चेही तसेच. हिब्रूत अक्षरांनाच अंकांची किंमत असते. ‘नेरोन कैसर’ हिब्रू अक्षरांत लिहून बेरीज केली की ६६६ येते. लॅटिन वळणाने शेवटचा ‘न’ गाळला की पन्नास कमी होऊन ६१६ येते. आणि गंमत म्हणजे काही जुन्या हस्तलिखितांत खरोखरच ६१६ हा आकडा आहे. बारकोड, क्रेडिट कार्ड, करोनाची लस असे करत हा आकडा कुठे कुठे चिकटवला गेला. मिझोराममध्ये काही ख्रिस्ती कुटुंबांनी आधार क्रमांक घ्यायला याच भीतीने नकार दिला. एका जुलमी राजाचे नाव सेन्सॉरच्या नजरेतून निसटावे म्हणून केलेली ही युक्ती होती.

पण या पुस्तकातला माझा आवडता भाग श्वापदाचा नाही. तो आहे अठराव्या अध्यायातला, बाबेल कोसळल्यावर व्यापारी रडतात तो. बाबेल म्हणजे अर्थातच रोम. व्यापारी का रडतात? माल घ्यायला कुणी उरले नाही म्हणून. मग योहान त्या मालाची यादीच देतो, बंदरावरच्या कारकुनाने जहाजाची पावती फाडावी तशी. सोने, रुपे, रत्ने, मोती. तलम ताग, जांभळी वस्त्रे, रेशीम, किरमिजी वस्त्रे. सुगंधी लाकूड, हस्तिदंत, पितळ, लोखंड, संगमरवर. दालचिनी, धूप, ऊद. द्राक्षारस, तेल, सपीठ, गहू. गुरे, मेंढरे, घोडे, रथ. सगळ्यात शेवटी, घोडे आणि रथ यांच्याही नंतर: गुलाम, म्हणजे माणसांचे जीव. मुळातली सगळी यादी मोजली तर जिन्नस २८ भरतात. सोन्यापासून सुरू झालेली यादी माणसापाशी संपते, कारण त्या बाजारात माणूसच सगळ्यात तळाला होता. साम्राज्याचा हिशेब इतक्या थोडक्यात मांडलेला मी दुसरीकडे वाचलेला नाही. आमच्या तक्त्यावर या यादीला जागा नव्हती.

हे पुस्तक चिरडलेल्यांनी चिरडलेल्यांसाठी लिहिले. ‘हे कायम टिकणार नाही’ एवढेच त्यांना ऐकायचे होते. १९८५ सालीच, म्हणजे आमच्याकडे तक्ता टांगला गेला त्याच वर्षी, दक्षिण आफ्रिकेतल्या धर्मशास्त्र्यांनी ‘कायरोस’ निवेदन काढले. वर्णद्वेषी सरकार पौलाच्या रोमकरांस पत्रातला तेरावा अध्याय पुढे करत होते: अधिकाऱ्यांच्या अधीन राहा. निवेदनाने उत्तर दिले की राज्य जेव्हा सैतानाची चाकरी करू लागते तेव्हा प्रकटीकरणाचा तेरावा अध्याय वाचावा. श्वापद कुठल्या वर्षी येणार हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. ते समोर उभे होते.

आता बिलांकडे येतो.

विल्यम मिलर हा न्यूयॉर्क राज्यातला साधा शेतकरी. दानीएलाच्या आठव्या अध्यायातल्या २३०० दिवसांची त्याने २३०० वर्षे केली, ख्रिस्तपूर्व ४५७ पासून मोजली आणि १८४३-४४ वर येऊन पोहोचला. पुढे अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख पक्की केली. हजारो लोक त्या रात्री जागे राहिले. काहींनी शेतातले बटाटेही काढले नव्हते. पहाट झाली आणि ते ढसाढसा रडले. इतिहासात या दिवसाला ‘महानिराशा’ असेच नाव पडले. या लोकांबद्दल मला आदर आहे. ते चुकले, पण बिल त्यांनी स्वतःच्या खिशातून भरले. त्या निराशेतून उरलेल्यांनी १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी स्थापली. पुण्यातले स्पायसर कॉलेज, सॅलिसबरी पार्कातले त्यांचे चर्च, हे सगळे त्या न आलेल्या दिवसाचे वंशज. तारखेचा नाद त्यांनी सोडला, हेही नोंदवायला हवे. हेरॉल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या उपदेशकाने १९९४ साली एकदा हात पोळून घेतले तरी पुन्हा २१ मे २०११ ही तारीख दिली. न्यूयॉर्कमधल्या एका निवृत्त गृहस्थाने तिच्या जाहिरातींवर आपली सुमारे १,४०,००० डॉलरची पुंजी घातली. २०१२ मध्ये कॅम्पिंगने चूक कबूल केली. जाहिरातींचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

ॲडव्हेंटिस्टांच्या झाडाची एक तुटलेली फांदी टेक्सासमध्ये वेको गावाजवळ राहत होती. तिचा पुढारी डेव्हिड कोरेश स्वतःला प्रकटीकरणातले सात शिक्के फोडणारा समजे. २८ फेब्रुवारी १९९३ रोजी सरकारी छापा पडला, दोन्ही बाजूंची दहा माणसे मेली आणि ५१ दिवस वेढा चालला. त्या वेळी बायबलचे दोन अभ्यासक, जेम्स टेबर आणि फिलिप अर्नोल्ड, रेडिओवरून कोरेशशी त्याच्याच भाषेत बोलले. पाचव्या शिक्क्यात हुतात्म्यांना ‘आणखी थोडा वेळ’ थांबायला सांगितले आहे. तर तू मरणाची घाई का करतोस, अर्थ लिहून काढ, असा त्यांचा सूर होता. कोरेशने १४ एप्रिलला कळवले की सात शिक्क्यांचा अर्थ लिहून झाला की मी बाहेर येतो. अधिकाऱ्यांना ही टोलवाटोलवी वाटली. १९ एप्रिलला रणगाड्यांसारखी वाहने भिंतींना भिडली, आग लागली, सत्तरहून अधिक माणसे गेली, त्यात वीसेक मुले. पहिल्या शिक्क्यावरचा मजकूर एका वाचलेल्या बाईने डिस्कवर बाहेर आणला. कोरेश खरोखर बाहेर आला असता का, कोण सांगणार. पण अर्थ लावणे ही पंडितांची करमणूक आहे असे समजणाऱ्याने तो महिना दीड महिना एकदा वाचावा. बिल मुलांनी भरले.

दुसऱ्या घराण्याचे, म्हणजे ‘आधी सुखाचे युग, मग येशू’ म्हणणाऱ्यांचे बिल थेट आपल्याकडे आले, आणि ते निराळे आहे. फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकी मिशनरी मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनी त्यांना परत धाडायला निघाली होती. त्यांच्या पिढीची श्रद्धा होती की शाळा, छापखाने आणि सुवार्ता यांच्या जोरावर ते हजार वर्षांचे युग जवळ आणता येते. हॉल आणि सॅम्युएल न्यूएल यांनी १८१८ साली एक पुस्तिका लिहिली. तिच्या शीर्षकातच ‘साठ कोटींचा हक्क’ आहे, म्हणजे जगातल्या अख्रिस्ती लोकांचा. साठ कोटी माणसे एका दमात मोजून ती धर्मांतराच्या खात्यावर टाकणारा हा आत्मविश्वास मला आज अवघडून टाकतो. शेजाऱ्याचा देव मोडीत काढायच्या यादीत धरला होता, हे विसरता येत नाही. आणि तरी त्याच मिशनने १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा काढली. सिंथिया फरार १८२७ मध्ये आली, १८३९ मध्ये अहमदनगरला गेली, १८६२ मध्ये तिथेच वारली. जोतिराव फुल्यांनी नगरला मिस फरार यांच्या शाळा पाहिल्या आणि पुण्यात मुलींची शाळा काढली, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. जग सुधारत जाणार आहे असे मानणारा माणूस शाळा बांधतो. त्या शाळेत पुढे कोण काय शिकेल हे त्याच्या हातात राहत नाही, हेही बरेच.

तेच शतक संपता संपता वारे फिरले. अमेरिकेचा त्या वेळचा सगळ्यात मोठा उपदेशक ड्वाइट मूडी सांगू लागला की हे जग म्हणजे फुटलेले गलबत आहे. देवाने माझ्या हाती होडी दिली आणि म्हटले, मूडी, जमतील तेवढे वाचव. फुटलेल्या गलबताला कुणी रंग काढत बसत नाही.

हे वारे मुळात सोडले जॉन नेल्सन डार्बीने. आयर्लंडमधला हा अँग्लिकन धर्मगुरू आपले चर्च सोडून बाहेर पडला. त्याने इतिहासाचे कप्पे पाडले, इस्राएल आणि मंडळी हे देवाचे दोन वेगळे लोक ठरवले आणि १८३० च्या दशकात एक नवी गोष्ट मांडली: शेवटच्या काळातले महासंकट सुरू होण्याआधीच खरे विश्वासी गुपचूप स्वर्गात उचलले जातील. आमच्याकडे तरुण मंडळी त्याला सरळ रॅप्चर म्हणतात. थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रात ‘मेघारूढ असे अंतराळात उचलले जाऊ’ हे शब्द आहेतच. पण ते महासंकटाच्या आधी, वेगळे, गुप्तपणे, ही मांडणी पहिल्या अठराशे वर्षांत कुणी अशी उभी केलेली नव्हती. तिचा खरा प्रसार सायरस स्कोफील्ड या वकिलाने केला. १९०९ साली ऑक्सफर्डच्या छापखान्यातून त्याचे बायबल निघाले: वर देवाचे वचन, आडवी रेघ, खाली स्कोफील्डच्या टिपा. रोज तेच पान वाचणाऱ्याला दहा वर्षांनी आठवत नाही की अमुक गोष्ट रेघेच्या वर वाचली की खाली. आमचा तक्ता रेघेच्या खालून आलेला होता. पाळकसाहेबांना ते माहीत नव्हते. त्यांना तो बायबलच वाटे.

डार्बीच्या बाजूने बोलायचे तर त्याचा एक मुद्दा खणखणीत आहे, आणि त्याचे विरोधक तो टाळतात. इस्राएलला दिलेली वचने देवाने मंडळीच्या नावावर केली, ज्यू लोकांचे काम संपले, असे ऑगस्टीनच्या वाटेवरून जाणाऱ्या युरोपने मानले. त्या मानण्याचे बिल शतकानुशतके ज्यूंनी भरले: वस्त्यांच्या भिंती, हकालपट्ट्या, पोग्रोम म्हणजे सामूहिक कत्तली. इस्राएल म्हणजे इस्राएलच, हा डार्बीचा आग्रह त्या जुन्या पापाला दिलेला नकार म्हणूनही वाचता येतो. म्हणजे माझे आवडते, शांत, सुसंस्कृत तिसरे घराणेही धुतल्या तांदळासारखे नाही.

पण पुढचे पान उलटा. या वेळापत्रकात ज्यूंनी आपल्या भूमीत परतायचे, मंदिर पुन्हा बांधायचे, मग ख्रिस्तविरोधी येणार, आणि जखऱ्याच्या तेराव्या अध्यायाप्रमाणे त्या देशातले दोन तृतीयांश लोक मरणार. उरलेले येशूला मानणार. ज्या मित्राच्या प्रेमाचा शेवटचा अंक असा आहे, त्या मित्राचे काय करायचे? आणि मंदिराच्या जागी आज घुमट आणि मशीद आहे, त्यांचे काय? २१ ऑगस्ट १९६९ रोजी डेनिस मायकेल रोहन या ऑस्ट्रेलियन तरुणाने याचे उत्तर देऊन टाकले. मेंढ्यांची लोकर कातरणारा हा २८ वर्षांचा माणूस. मंदिराला जागा झाली की येशू येईल, म्हणून त्याने अल-अक्सा मशिदीत आग लावली. बाराव्या शतकातले, सलाहुद्दीनने जेरुसलेमला आणवलेले कोरीव लाकडी व्यासपीठ जळाले. इस्रायली न्यायालयाने रोहनला वेडा ठरवले. पण महिन्याभरात राबातला मुस्लिम देशांची परिषद भरली आणि तिच्यातून इस्लामी देशांची संघटना निघाली. त्याच परिषदेचे निमंत्रण मिळालेल्या भारताला पाकिस्तानच्या हट्टापायी बाहेर बसावे लागले. ऑस्ट्रेलियातल्या एका माणसाने दोन वचनांचा अर्थ लावला आणि दिल्लीची नामुष्की झाली.

तेव्हा वेडा एकटा होता. सप्टेंबर २०२२ मध्ये टेक्सासहून पाच तांबड्या कालवडी विमानाने इस्राएलला गेल्या. बायबलातल्या गणना या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात प्रेताच्या विटाळातून शुद्ध होण्यासाठी निर्दोष तांबडी कालवड लागते, आणि त्या शुद्धीशिवाय मंदिराची सेवा सुरू करता येत नाही. परंपरेने वेगळ्या रंगाचे दोन केस निघाले तरी ती बाद. ख्रिस्ती हितचिंतकांनी शोधून, जोपासून धाडलेल्या या जनावरांचा उल्लेख जानेवारी २०२४ मध्ये हमासच्या प्रवक्त्याच्या भाषणात आला. तक्त्यावरचे चित्र दुसऱ्या बाजूनेही वाचले जाते ते असे.

आणि १४ मे २०१८. अमेरिकेचा दूतावास जेरुसलेममध्ये उघडला तेव्हा समारोपाची प्रार्थना टेक्सासचे उपदेशक जॉन हेगी यांनी केली. हिटलर हा यिर्मयाने सांगितलेला ‘शिकारी’ होता, ज्यूंना त्यांच्या देशात हाकलण्यासाठी देवाने वापरलेला, असे जुन्या प्रवचनात म्हणणारे हेच हेगी. ते प्रवचन २००८ मध्ये बाहेर आले तेव्हा अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन यांनी त्यांचा पाठिंबा झिडकारला होता. दहा वर्षांनी ते व्यासपीठावर होते. त्याच दिवशी गाझाच्या कुंपणाशी सुमारे ६० पॅलेस्टिनी गोळ्यांना बळी पडले. प्यू संस्थेच्या २०२२ च्या पाहणीत ३९ टक्के प्रौढ अमेरिकनांनी आपण शेवटच्या काळात जगत असल्याचे सांगितले. इव्हँजेलिकल प्रोटेस्टंटांत हे प्रमाण ६३ टक्के. ज्या देशाच्या विमानांवर, मतांवर, नकाराधिकारावर जेरुसलेमचे दिवस ठरतात, त्या देशात.

जेरुसलेममध्ये ख्रिस्ती लोक राहतातच की. पहिल्या शतकापासून राहतात. त्यांना कुणी विचारले? ऑगस्ट २००६ मध्ये तिथल्या लॅटिन (म्हणजे रोमन कॅथलिक), सिरियन ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन आणि लुथरन धर्मप्रमुखांनी एकत्र सही करून ख्रिस्ती झायोनवाद, म्हणजे बायबलातल्या भविष्यवाणीच्या नावाने इस्राएल राष्ट्राची पाठराखण, ही खोटी शिकवण असल्याचे जाहीर केले. एरवी पुनरुत्थान मंदिरात कुणाची शिडी कुठे ठेवायची यावर भांडणाऱ्या त्या शहरात चार मंडळ्यांची एक सही, ही लहान गोष्ट नाही. आमच्याकडच्या भविष्यवादाच्या सभांत त्या पत्रकाचा उल्लेख मी आजवर एकदाही ऐकलेला नाही. मात्र ‘इस्राएलसाठी प्रार्थना करा’ हा कार्यक्रम दर महिन्याला असतो, आणि नाताळात आपण ज्या बेथलेहेमची गाणी म्हणतो तिथला पाळक पॅलेस्टिनी असतो हे पोरांना सांगावे लागते.

यावर आमच्यातले जाणते लोक म्हणतात, परिणाम बघून अर्थ ठरवायचा का? वचनात जे आहे ते आहे. कडू असले तरी घ्यावे. आक्षेप वजनदार आहे. पण ‘जे आहे ते’ म्हणणाऱ्यांनीच दहा शिंगांची सामाईक बाजारपेठ केली. शब्दशः अर्थाचा तो नमुना असेल तर रूपकाची आणखी वेगळी व्याख्या करावी लागेल. आणि परिणामांची कसोटी मी बाहेरून आणलेली नाही. ऑगस्टीननेच लिहून ठेवले आहे की ज्या अर्थातून देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती उभी राहत नाही, तो लावणाऱ्याला शास्त्र अजून कळलेलेच नाही. त्याच्या वारसांना ती कसोटी ज्यूंच्या बाबतीत झेपली नाही, ही गोष्ट वेगळी. कसोटी खोटी ठरत नाही.

शिवाय मत्तयाचे पुस्तक उघडावे. चोविसावा अध्याय म्हणजे लढाया, दुष्काळ, भूकंप, अंजिराचे झाड. आमच्या तक्त्याचा अर्धा मजकूर तिथला. त्याच अध्यायात येशू म्हणतो की तो दिवस आणि ती घटका देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला ठाऊक. आणि पुढचाच, पंचविसावा अध्याय शेवटच्या न्यायाचा. तिथे राजा काय विचारतो? मी भुकेला होतो, खायला दिलेत का. तान्हेला होतो, उघडा होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो, आलात का. शिंगे किती होती हे तो कुणालाच विचारत नाही. म्हणजे दहावीतल्या मुलाच्या भाषेत सांगायचे तर पेपर केव्हाच फुटलेला आहे, आणि आम्ही अजून परीक्षेची तारीख शोधतोय.

पाळकसाहेबांना हा पेपर तोंडपाठ होता, हे मला फार उशिरा कळले. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नातेवाईक नसलेल्या रोग्यांजवळ रात्री बसायला ते तीस वर्षे जात होते. क्षयाचे रोगी, जळालेल्या बायका, कुणीही. जात विचारत नसत, धर्मही नाही. तक्ता चोविसाव्या अध्यायाचा आणि माणूस पंचविसाव्या अध्यायाचा. त्या तक्त्याने त्यांनी कुणाचे घर जाळले नाही की कुणाची जमीन घेतली नाही, कारण त्यांच्या हातात छडीपलीकडे काहीच नव्हते. पात्मवरच्या योहानाच्या हातातही लेखणीपलीकडे काही नव्हते. तोच तक्ता दूतावासाच्या व्यासपीठावर गेला की त्याचे काय होते, ते वर सांगितले आहे. पाळकसाहेबांशी यावर वाद घालायचे मी बरेच दिवस ठरवत होतो.

काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये त्यांच्याकडे गेलो. नव्वदी गाठलेली, कानाला यंत्र. सूनबाई म्हणाल्या, गच्चीवर आहेत. वर गेलो तर ते उकिडवे बसून कुरडया उलटवत होते. खाली मांजरपाट अंथरले होते, कोरी बाजू वर. एका कोपऱ्यावर वीट ठेवली होती आणि तिथे कापड दुमडल्यामुळे मागचा रंग दिसत होता: बाणाचे फिकट लाल टोक आणि ‘आपण ये’ एवढीच अक्षरे.

“पावसात भिजला,” ते म्हणाले. “रंग उठला सगळा. पण कापड चांगलं आहे अजून. त्या बाजूच्या ओल्या आहेत, पाय जपून टाक.”